कमी बोलणाऱ्यांच्या मालिका

आमच्या घरात टीव्हीवरून सरळ दोन पक्ष आहेत. बायको अमेरिकन मालिकांच्या बाजूची, मी इंग्रजांच्या. बीडसारख्या गावात, जिथं संध्याकाळी सात वाजले की घराघरातून सासवा-सुनांचे आवाज ऐकू येतात, तिथं असल्या गोष्टीवरून नवरा-बायकोनं वाद घालणं हसण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण निवृत्त माणसाला काहीतरी वाद लागतोच. कुणाला तो राजकारणात सापडतो, कुणाला नळाच्या पाण्यात. आम्हाला टीव्हीत सापडला.

मी बत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो. हे काम बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, वकील विचारतो, साक्षीदार आपल्या बोलीत उत्तर देतो, जजसाहेब ते उत्तर शुद्ध मराठीत मला सांगतात आणि मी ते उतरवून घेतो. साक्षीदार म्हणतो, "म्या काय बगितलं न्हाई साहेब, मी तवा रानात गेलतो." कागदावर येतं, "मी काही पाहिले नाही. मी त्या वेळी शेतात गेलो होतो." त्याचा घाम, त्याचं आवंढा गिळणं, बाहेर बसलेल्या चुलत्याकडं बघणं, यातलं काहीच कागदावर येत नाही. सगळं झालं की जबानी त्याला वाचून दाखवायची. काही चुकलं असेल तर तो सांगतो, आपण दुरुस्त करायचं, बाजूला छोटी सही करायची आणि खाली ओळ लिहायची, "वाचून दाखविले, बरोबर आहे." घाईत पुष्कळ ठिकाणी नुसती ओळच लिहिली जाते, वाचून कुणी दाखवत नाही. मी मात्र वाचायचो. माणसाला आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आम्हाला एकच मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती कोर्टात यायची आणि माझ्या टेबलापाशी बसून गृहपाठ करायची, कारण तिची आई जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आणि घरी पोचायला तिला सहा वाजायचे. सरतपास म्हणजे आपल्याच वकिलानं विचारायचं, उलटतपास म्हणजे समोरच्यानं, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. गृहपाठाच्या खाली ती "वाचून दाखविले, बरोबर आहे" असं लिहून ठेवायची आणि बाईंचा मार खायची. पुढं ती पुण्यात नोकरीला लागली, तिथंच लग्न झालं. मी निवृत्त झालो तेव्हा तिनं हा मोठा टीव्ही पाठवला, इंटरनेट जोडून दिलं आणि म्हणाली, "पप्पा, दुपारी झोपत जाऊ नका. हे बघत जा." पहिली इंग्रज मालिका तिनंच लावून दिली.

ती माझ्या वळणावर गेली आहे. लहानपणी ताप आला तरी सांगायची नाही, नुसती येऊन शेजारी टेकायची. मी कपाळाला हात लावला की काम झालं. सुट्टीला आली की दुपारच्या जेवणानंतर आम्ही दोघं एक भाग बघायचो. मध्ये कुणी बोलायचं नाही. संपला की ती म्हणायची, "बरा होता." मी म्हणायचो, "हां." आमची चर्चा एवढीच. आतून बायको म्हणायची, "दोन मुके एका जाग्यावर बसलेत बघा."

गल्लीत एक मेकॅनिक राहतो. इन्व्हर्टर, डिश, इंटरनेटचा डबा, सगळं तोच बघतो. एकदा डबा दुरुस्त करायला आला आणि लावून बघतो म्हणून माझ्याबरोबर अर्धा तास बसला. पडद्यावर एका बाईला पोलीस येऊन सांगतो की तिचा भाऊ सापडला, पण जिवंत नाही. ती बाई म्हणते, आत या, पायरी जपा, आणि केटलीत पाणी भरायला लागते.

"हे कावून बघता हो तुमी?" मेकॅनिकनं विचारलं. "भाऊ मेलाय आन् ही चहा करायली. कुणी काय बोलतच न्हाई."

मी म्हटलं, "बोलतेय की ती."

त्यानं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "तुमचं तुमाला माहीत. आमाला तर अमेरिकावाले पसंत हायत. पिऊन का हुईना, पन दिलातलं बोलून मोकळा हुतो माणूस."

आतून बायको म्हणाली, "ऐका."

आता माझी बाजू मांडतो. मी आयुष्य कोर्टात काढलं, त्यामुळे अमेरिकन मालिकेतलं कोर्ट दिसलं की माझं डोकं फिरतं. वकील हात मागं बांधून हिंडतो काय, साक्षीदाराच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडतो काय, जज हातोडा आपटतो काय. बत्तीस वर्षांत मी टेबलावर हातोडा पाहिला नाही. आणि शेवटी साक्षीदार हमसून रडतो आणि म्हणतो, हो, मीच केलं. पिंजऱ्यात उभं राहून असं कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही. खऱ्या कोर्टात पंख्याचा आवाज असतो, फाईल सापडत नाही, व्हेंटिलेटरवर कबुतरं असतात आणि माणूस खोटं बोलतो ते अगदी हळू आवाजात. इंग्रजांच्या मालिकेत वकील जागचा हलत नाही. समोरच्याला उभा चिरायचा असेल तर आधी म्हणतो, मी आपला आभारी आहे.

यावर कुणी म्हणेल, ही जुन्या राज्यकर्त्यांची ओढ आहे. तसं म्हणायची सोय नाही. आमच्याकडं इंग्रजांचं राज्य थेट कधी नव्हतंच, निजामाचं होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा उर्दूत शिकलेले एक-दोन म्हातारे वकील अजून कोर्टात यायचे. कितीही कडक आरोप करायचा असो, सुरुवात "माफी असावी" अशी करायचे आणि समोरचा घामाघूम व्हायचा. इंग्रजांच्या मालिकांत मला ती माणसं पुन्हा भेटली, एवढंच.

दुसरं म्हणजे चेहरे. अमेरिकन मालिकेत मारणारा, मेलेला आणि पोलीस, तिघांचेही दात सारखेच पांढरे. इंग्रजांकडं फौजदाराचं पोट सुटलेलं असतं, बाईच्या स्वेटरला गोळे आलेले असतात आणि मुख्य संशयित हुबेहूब आमच्या कोर्टात पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या नाझरसारखा दिसतो. त्यांच्या गावात पाऊस पडतो तोही कुणाला गाणं म्हणायला लावत नाही, नुसता पडतो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, ते थांबतात. सहा भागांत प्रकरण निकाली. अमेरिकन मालिकेचं शेपूट वाढतच जातं. पाचव्या वर्षी मेलेला माणूस दार वाजवतो, आणि बायको म्हणते, "मला वाटलंच होतं."

तिची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते एकतर्फी होईल. ती तलवाड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. तिचे भाऊ या बांधावरून त्या बांधावर ओरडून बोलतात. सकाळी एकमेकांची आई-बहीण काढतात आणि संध्याकाळी एका ताटात जेवतात. अमेरिकन मालिका ती हिंदी आवाजात बघते. त्यात बाप आणि मुलगा अंगणात उभे राहून एकमेकांना सगळं सांगून टाकतात, मग मिठी मारतात आणि ही पदरानं डोळे पुसते. मी हसायचो. एकदा ती मला म्हणाली, "हसा. आमच्या तलवाड्यात भांडण झालं तर अख्ख्या गावाला कळतं, आन् मिटलं तरी कळतं. तुमच्यात झालेलं बी कळत न्हाई आन् मिटलेलं बी न्हाई."

मला ते वाक्य आवडलं होतं. इंग्रजी मालिकेत शोभलं असतं, असंही मी तिला म्हणालो.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मुलगी न कळवता आली. हातात एकच बॅग. मी हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो. ती चप्पल काढून सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी तिकडं परत जाणार नाही. वेगळी खोली घेतलीय." लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिकडं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. ती तिची जबानी आहे, द्यायची तर तिनं द्यावी. तिची आई धावत आली, रडायला लागली, एकामागून एक विचारायला लागली. मुलगी आईला काही उत्तर देत नव्हती. माझ्याकडंच बघत होती.

मला त्याच क्षणी पटलं होतं. त्या घरी मी दोनदा जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा परत येताना बसमध्ये मला वाटलं होतं की पोरीला आपण चुकीच्या जागी दिलं. ते मी कुणाला बोललो नव्हतो. त्या सकाळीही नाही. मी उठलो, टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरात गेलो आणि चहा केला. लग्न झाल्यापासून मी चहा केल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील. आलं जास्त, साखर कमी, तिला आवडतो तसा. कॉलेजात असताना ती ज्या कपात प्यायची, तो फडताळातून शोधून काढला, धुतला आणि चहा तिच्यापुढं नेऊन ठेवला. मग मी गॅलरीत जाऊन बसलो.

माझ्या दृष्टीनं मी सगळं बोललो होतो. असे प्रसंग आम्ही दोघांनी त्याच सोफ्यावर बसून किती पाहिले होते. कुणावर आभाळ कोसळतं आणि दुसरा केटलीत पाणी भरतो, आणि बघणाऱ्याला कळतं की हा माणूस आता हिच्या पाठीशी उभा राहणार. हे वाचता येणारं जगात एकच माणूस मला ठाऊक होतं आणि ते समोर बसलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षानं स्टँडवर सोडलं. वाटेत दोघं बोललो नाही. बस सुटेपर्यंत मी थांबलो, तिनं खिडकीतून हात वर केला. घरी येताना माझ्या मनात आलं की बाप-लेकीत इतकं समजून घेणं फार कमी घरांत असेल.

दिवाळीला ती आली नाही. काम असेल, म्हटलं. पुढच्या दिवाळीलाही आली नाही. फोन आईला यायचा. मी समोर असलो तर बायको फोन माझ्यापुढं धरायची आणि मी विचारायचो, "बरी आहेस ना?" तिकडून यायचं, "हो." मला वाईट वाटत होतं, हे कबूल करतो. पण वाईट वाटणं ही माझ्या लेखी दाखवायची गोष्ट नव्हती.

टीव्हीवरचं खातं तिचंच आहे. लावलं की पडद्यावर तीन गोल येतात, तिच्या नावाचा, माझा आणि बायकोचा. तिच्या गोलात शिरलं की ती काय बघते आणि कुठपर्यंत आलीय, ते दिसतं. कुणाच्या चिठ्ठ्या फोडाव्यात तसलाच हा प्रकार, पण मी रोज दुपारी आधी तिच्या गोलात जायचो. एखाद्या मालिकेचे तिचे चार भाग झालेले दिसले की मी माझ्या गोलात येऊन चार बघायचो आणि थांबायचो. तिनं पाचवा बघितला की मी पाचवा बघायचो. तिला हे ठाऊक नव्हतं. मला मात्र वाटायचं की आम्ही अजून एकाच सोफ्यावर आहोत. दीड वर्ष माझं असं चाललं होतं.

या हिवाळ्यात तिच्या गोलात अमेरिकन मालिका दिसायला लागल्या. पहिली दिसली तेव्हा वाटलं, चुकून लागली असेल. मग तिचे बारा भाग झाले. मग दुसरी. इंग्रजांची एक मालिका तिसऱ्या भागात अर्धी सोडलेली तशीच पडून होती आणि तिकडं या बडबड्यांचे भागांवर भाग चाललेले. ज्या मालिकांना आम्ही दोघं हसायचो, त्याच या. आपला खात्रीचा साक्षीदार पिंजऱ्यात चढून फितूर झाल्यावर सरकारी वकिलाचं जे होतं, ते माझं झालं.

बायको मेथी निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, "पोरगी तुझ्या पक्षात गेली."

तिनं वर बघितलं नाही. "कुणीतरी बोलल्यालं ऐकू वाटत असंल तिला."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? दोन वर्सं झाली, तिला वाटायलंय बापाला पटलं न्हाई. बाप रुसलाय म्हनून ती घरी येत न्हाई. सोमवारी पुण्याच्या कोर्टात तारीख हाय तिची. सोडचिठ्ठीची, शेवटची. आतापातूर सगळ्या तारखांना एकटीच गेली. बाप जलमभर कोर्टात आन् पोरगी कोर्टात एकटी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं?"

मी म्हटलं, "मी चहा केला होता."

आता तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. मला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही. "आवो, चहानं काय कळतं? तुमच्या कोर्टात एकांदा गप बसला तर तुमी काय लिवत होता?"

हे मला बत्तीस वर्षं पाठ. साक्षीदार गप्प राहिला तर साहेब थोडा वेळ थांबतात, पुन्हा विचारतात आणि मग सांगतात, घ्या, साक्षीदार उत्तर देत नाही. मी तिला तसं सांगितलं.

"मंग," ती म्हणाली आणि मेथी पुन्हा हातात घेतली. "तिनं बी तेच लिवून घेतलं."

मी हॉलमध्ये येऊन बसलो. टीव्ही लावला नाही. मालिकेत केटलीत पाणी भरणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसतो. कॅमेरा मुद्दाम त्याच्यासमोर नेऊन ठेवलेला असतो, आणि म्हणून त्याचं गप्प राहणं आपल्याला वाचता येतं. मी चहा केला तेव्हा माझं तोंड ओट्याकडं होतं आणि पाठ तिच्याकडं. चहा देऊन मी गॅलरीत जाऊन बसलो ते रस्त्याकडं तोंड करून. तिला जे दिसलं ते एवढंच. इतकी वर्षं साक्षी उतरवून घेतलेल्या माणसानं गप्प बसण्याला होकार समजावं, ही चूक कुठल्याही नवशिक्या कारकुनानं केली नसती.

त्या दिवशी मी तिला फोन लावला आणि विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "बरं." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला आणि पुण्यात थंडी किती आहे ते विचारलं. बायको दारात उभी राहून कपाळावर हात मारत होती. मनातलं शब्दांत आणणं हे माझं काम कधी नव्हतंच. माझं काम दुसऱ्याचं उतरवून घ्यायचं. शनिवारी दुपारी शेवटी मी टेबल पुसलं, कोरा कागद घेतला आणि ठरवलं की आपलीच जबानी घ्यायची. ती लिहायला मला अख्खी दुपार लागली. चार वेळा फाडली. जी राहिली ती अशी होती:

"मी शपथेवर सांगतो की, त्या दिवशी सकाळी मी घरी हजर होतो. माझी मुलगी पुण्याहून आली. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने सांगितले की, ती परत जाणार नाही. त्या वेळी मी काही बोललो नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. त्यात आले जास्त टाकले. तिने चहा घेतला. मी गॅलरीत बसून होतो. दुसऱ्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडले. वाटेत आमचे बोलणे झाले नाही. हे म्हणणे खरे नाही की, मला तिचा निर्णय पसंत नव्हता. हे म्हणणे खरे नाही की, मी तिच्यावर नाराज आहे."

रविवारी सकाळी नऊला फोन केला. म्हटलं, "एक कागद आहे, वाचून दाखवतो, मध्ये बोलू नकोस." आणि वाचलं. कोर्टात वाचायचो तसंच, सपाट आवाजात, प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबून. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग गॅस बंद केल्याचा आवाज.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. वाचून दाखवलं. काही दुरुस्ती असेल तर सांग."

ती म्हणाली, "चहा मी घेतला नव्हता."

मी म्हटलं, "घेतला होतास. कप रिकामा होता."

"मम्मीनं मोरीत ओतला. त्याच्यावर साय आली होती. मी तुम्ही आत यायची वाट बघत होते, पप्पा."

मी बायकोकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातानं उभी होती. तिनं मान हलवली. दोन वर्षं मी त्या रिकाम्या कपाच्या भरवशावर काढली होती. माझ्याकडं पुरावा म्हणून दुसरं काहीच नव्हतं. मी पेन घेतलं, "तिने चहा घेतला" हे वाक्य खोडलं, वर लिहिलं, "तिने चहा घेतला नाही", आणि सवयीनं बाजूला छोटी सही केली.

"केलं दुरुस्त," मी म्हटलं. "अजून काही?"

"शेवटची दोन वाक्यं."

"त्यात काय चुकलं?"

"चुकलं नाही. पण तो उलटतपास झाला. तुमच्यावर कुणी आरोप केल्यासारखे तुम्ही नाकारताय. मी काय आरोप केलाय? सरतपास राहिलाच की."

"मग काय लिहू?"

"ते मी कसं सांगणार?" ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडं हसू होतं. "सरतपासात सूचक प्रश्न चालत नाही, उत्तर साक्षीदाराच्या तोंडात घालायचं नसतं. तुम्हीच शिकवलंय."

मी गप्प बसलो. ती थांबली. कोर्टात साहेब थांबतात तशी. दुसऱ्यांदा विचारल्यावर काय लिहिलं जातं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बायको पिठाचे हात तसेच घेऊन हॉलमध्ये आली आणि माझ्यासमोर उभी राहिली, बरोबर मुलगी उभी राहिली होती त्या जागेवर.

"पप्पा?" फोनवरून आलं.

मी म्हटलं, "तू केलंस ते बरोबर केलंस. मला त्या सकाळीच पटलं होतं. लग्नाआधी नीट बघितलं नाही, ती चूक माझी. तुझी काही नाही. मला बोलता आलं नाही. उद्या मी तुझ्याबरोबर कोर्टात येतो."

एवढं सलग मी घरात कधी बोललो नव्हतो. बायकोनं पिठाच्या हातानंच तोंडावर पदर धरला. फोनमध्ये काही ऐकू येईना. मला वाटलं, लाईन कट झाली.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. मग नाक ओढलं. "घ्या लिहून."

मी लिहून घेतलं. मग तिनं मी न विचारताच उद्याची वेळ सांगितली, अकरा वाजता, दुसरा मजला, तीही मी त्याच कागदावर खाली लिहिली.